डिझाइन तेच, मग एक टी-शर्ट टिकतो आणि दुसरा का नाही?

शिवजयंती जवळ आली, तालमींच्या फुटबॉलचा हंगाम तापला किंवा गणपती मंडळांची पावतीपुस्तकं बाहेर निघाली, की कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर टी-शर्टांची रांग लागते. 'नाद खुळा', 'जगात भारी कोल्हापुरी', 'विषय हार्ड'. अक्षरं तीच, मिशीला पीळ देणारा पैलवान तोच, किंमत मात्र एकीकडे २४९, दुसरीकडे ४९९ आणि तिसरीकडे ८९९. खाली वर्णनात लिहिलेलं असतं: १८० जीएसएम, कोम्ब्ड कॉटन, बायोवॉश, प्री-श्रंक, डीटीएफ प्रिंट. बहुतेक जण हे वाचत नाहीत, आणि जे वाचतात त्यांना ते औषधाच्या चिठ्ठीसारखं वाटतं.

महाद्वार रोडवरच्या दुकानात आपण कापड चिमटीत धरतो, उजेडापुढे नेतो, गळा ताणून बघतो. ऑनलाइन खरेदीत चिमटीला वाव नाही. तिची जागा या चार-पाच शब्दांनाच घ्यावी लागते. म्हणून ते एकदा नीट समजून घेऊ.

फोटोत टी-शर्ट नसतोच

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. वेबसाइटवर दिसणारा फोटो पुष्कळदा त्या टी-शर्टचा नसतो. कोऱ्या टी-शर्टच्या एकाच फोटोवर संगणकात शंभर डिझाइनं बसवलेली असतात. तुम्ही ऑर्डर देता तेव्हा तो टी-शर्ट छापलेलाही नसतो. ऑर्डर आल्यावर कोरा माल काढून त्यावर छपाई होते. यात फसवणूक आहे असं नाही, धंद्याची ती रीत आहे. माल पडून राहत नाही, आणि 'आमचा गल्लीबोळ' असलं एकाच माणसाला हवं असलेलं डिझाइनही विकता येतं.

पण परिणाम असा, की फोटो तुम्हाला फक्त डिझाइन दाखवतो. अंगाला लागतं ते कापड. मानेला टोचतो तो गळा. घाम अडवते ती छपाई. चांगला टी-शर्ट निवडायचा तर या गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, कारण त्या बहुतेक वेळा वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेल्या असतात.

इचलकरंजी शेजारी असताना टी-शर्ट तिरुपूरचा का?

हा प्रश्न इथे हमखास येतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मिलची पायाभरणी केली, इचलकरंजीत यंत्रमागांची खडखड शंभराहून अधिक वर्षांची आहे. मग टी-शर्ट तमिळनाडूतून कशाला?

कारण मागावर तयार होणारं कापड वेगळं. तिथे उभे आणि आडवे धागे एकमेकांत गुंततात. शर्टाचं, धोतराचं, चादरीचं कापड असं बनतं. ते मजबूत असतं, पण फारसं ताणत नाही. टी-शर्टचं कापड विणलेलं असतं, आजी स्वेटर विणायची तसं, एका फासातून दुसरा फास काढत. बाजारात त्याला होजिअरी म्हणतात. फास सैल असल्यामुळे ते ताणतं, अंगाबरोबर हलतं आणि धाग्यांमधून हवा खेळते. या विणकामाची यंत्रं, रंगाई आणि शिलाई यांची मोठी साखळी तिरुपूरला उभी आहे, म्हणून देशातल्या ऑनलाइन टी-शर्टांचा फार मोठा हिस्सा तिथल्या कोऱ्या मालावर चालतो.

फासांच्या या रचनेचा एक तोटाही आहे. सुताला पीळ असतो आणि धुतल्यावर तो पीळ सुटू पाहतो. मग टी-शर्टची बाजूची शिवण हळूहळू पोटावर येते. तुमच्या कपाटात असा एखादा तिरपा झालेला टी-शर्ट नक्की असेल. तो तुमच्या धुण्यामुळे बिघडलेला नाही. कापडाला कारखान्यातच नीट स्थिर केलं गेलं नव्हतं.

जीएसएम म्हणजे फक्त वजन

एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. बस, इतकंच. हा दर्जाचा आकडा नाही, जाडीचा अंदाज आहे. १४० ते १६० पातळ, १८० च्या आसपास रोजच्या वापराचा, २२० ते २४० म्हणजे हल्ली चालणारे ढगळ, खांदे उतरलेले जाड टी-शर्ट.

पातळ पांढऱ्या टी-शर्टमधून बनियन दिसतं, हे खरं. पण जाड म्हणजे चांगला, हा समज कोल्हापूरच्या जुलैत टिकत नाही. आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, घरात दोऱ्या बांधून कपडे वाळवावे लागतात, तेव्हा २४० जीएसएमचा टी-शर्ट दुसऱ्या दिवशीही काखेत ओला राहतो आणि मग त्याला कुबट वास धरतो. पावसाळ्यात रोज घालायचा तर १६० ते १८० पुरे. जाड माल थंडीसाठी ठेवावा.

लिहिलेला जीएसएम खरा आहे का? कारखान्यात त्यासाठी १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापून तोलतात. १.८ ग्रॅम भरला तर १८० जीएसएम. आपण नवा टी-शर्ट कापणार नाही, आणि तेवढ्या बारीक वजनाला गुजरीतल्या सराफाचा काटा लागेल. त्यापेक्षा अख्खा टी-शर्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. मध्यम मापाच्या साध्या टी-शर्टला एक चौरस मीटरपेक्षा जरा कमी कापड लागतं. म्हणजे ग्रॅममधलं वजन जीएसएमच्या आकड्याच्या जवळपास, थोडं खाली यायला हवं. १८० लिहिलंय आणि काटा १२० दाखवतोय, तर काहीतरी गडबड आहे. मोठ्या आणि ढगळ मापांना कापड जास्त लागतं, त्यांना हा हिशेब तसाच लावू नका.

मऊपणा खरा की लावलेला?

पिशवीतून काढल्यावर लोण्यासारखा वाटणारा आणि तिसऱ्या धुण्याला गोणपाट झालेला टी-शर्ट सगळ्यांनी पाहिलाय. त्याचं कारण असं, की मऊपणा दोन प्रकारे आणता येतो.

पहिला मार्ग धाग्यातून जातो. कापसात लांब आणि आखूड दोन्ही तंतू असतात. सूत कातण्याआधी कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकले, की त्याला कोम्ब्ड म्हणतात. आखूड तंतू कमी म्हणजे टोकं बाहेर कमी, म्हणजे घासल्यावर कापडावर गोळे कमी. विंचरण्यात कापूस वाया जातो, म्हणून हे सूत महाग पडतं. त्यापुढे सुताचा काउंट. ३० काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ३० लडी. जवळपास ४५० ग्रॅम कापसातून तब्बल २३ किलोमीटर सूत. आकडा वाढेल तसं सूत बारीक. त्यानंतर बायोवॉश: कापसाचे बाहेर डोकावणारे तंतू खाणाऱ्या एन्झाइमच्या पाण्यातून कापड काढतात, लव जाते आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. हा मऊपणा बराच टिकतो.

दुसरा मार्ग सोपा. साध्या कापडाला शेवटी सिलिकॉनचा सॉफ्टनर द्यायचा. हाताला रेशमी लागतं. धुण्यागणिक तो निघत जातो आणि खालचं मूळ कापड वर येतं. ऑनलाइन मालाचं नशीब पहिल्या पाच मिनिटांच्या स्पर्शावर ठरतं, त्यामुळे या मार्गाचा मोह किती मोठा असेल ते समजू शकतं. वर्णनात नुसतं 'सुपर सॉफ्ट' असेल आणि सुताबद्दल एक अक्षर नसेल, तर मी तरी पुढे सरकतो.

छपाई: खरा घोळ इथे आहे

एक भिंत डोळ्यांपुढे आणा. तिला चुना दिला तर तो भिंतीत मुरतो आणि भिंत कोरडी राहते. ऑइलपेंट दिला तर वर एक थर बसतो, चमकतो, पण ओल आतच कोंडते. आणि वॉलपेपर चिकटवला तर चित्र कितीही सुंदर असलं, तरी सगळा भरवसा खालच्या गोंदावर. टी-शर्टच्या छपाईत या तिन्ही तऱ्हा आहेत.

चुन्याच्या जातीची ती पाण्याच्या शाईची छपाई. स्क्रीनने, म्हणजे जाळीच्या चौकटीतून शाई दाबून करा किंवा डीटीजीने. डीटीजी म्हणजे कागदाच्या प्रिंटरसारखं यंत्र थेट टी-शर्टवर शाई फवारतं. शाई धाग्यात मुरते, हात फिरवला तर छपाई जवळपास जाणवत नाही. रंग थोडे शांत दिसतात आणि धुण्यागणिक हळूहळू फिके होतात, पण टरकत नाहीत. डीटीजीच्या नव्या टी-शर्टला कधी कधी व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. छपाईआधी फवारलेल्या द्रवाचा तो वास, पहिल्या धुण्यात जातो. त्यासाठी माल परत करू नका.

ऑइलपेंट म्हणजे प्लास्टिसॉल. पीव्हीसी आणि त्याला लवचीक करणारं तेलकट द्रव्य यांची ही शाई. मंडळांच्या टी-शर्टांवर, शाळेच्या गॅदरिंगच्या टी-शर्टांवर वर्षानुवर्षं दिसणारी ती हीच. ती वाळत नाही, भाजावी लागते, साधारण १६० अंश सेल्सिअसला. नीट भाजली तर कापड विरेपर्यंत छपाई टिकते. घाईत कच्ची राहिली तर काही धुण्यांतच तडे जातात. म्हणजे या छपाईबद्दल ऐकू येणारं 'रबर प्रिंट फाटतं' हे अर्धं खरं आहे. कच्चं भाजलेलं फाटतं. तिच्यावरून गरम इस्त्री मात्र फिरवू नका. ती मऊ होऊन इस्त्रीलाच चिकटते, आणि मग इस्त्रीवाल्याशी भांडण.

वॉलपेपर म्हणजे डीटीएफ. डिझाइन आधी एका फिल्मवर छापतात, त्यावर गोंदाची पूड पसरून वितळवतात आणि गरम प्रेसखाली टी-शर्टवर दाबतात. फिल्म सोलली की चित्र कापडावर. रंग भडक, बारीक रेषा स्वच्छ, आणि एक नग छापायलाही परवडतं. म्हणून गेल्या काही वर्षांत याचा सुळसुळाट झाला. चांगली पूड, योग्य तापमान आणि पुरेसा दाब असेल तर डीटीएफही पुष्कळ धुणी सोसतं. यातलं एक चुकलं, की कोपरा उचलला जातो आणि तिथून सोलायला सुरुवात होते.

टिकाऊपणापेक्षा आरामाचा प्रश्न मला मोठा वाटतो. ए-थ्री आकाराचं डिझाइन म्हणजे साधारण ३० बाय ४२ सेंटिमीटर. मध्यम मापाच्या टी-शर्टच्या पुढच्या बाजूचा जवळपास तिसरा हिस्सा. एवढ्या जागेवर प्लास्टिकचा सलग थर असेल, तर खालचं कापड १०० टक्के कॉटन असून काय उपयोग? एप्रिलमध्ये कागलहून दुचाकीवर कोल्हापूर गाठा, छातीवर चौकोनी ओला डाग उमटतो तो यामुळेच. त्यापेक्षा अक्षरांचं, रेघांचं, मधून मधून कापड मोकळं सोडणारं डिझाइन घ्या. छपाई तीच असली तरी हवा खेळते.

काळ्यावर वेगळा, पांढऱ्यावर वेगळा

एकाच डिझाइनचे दोन टी-शर्ट, एक पांढरा, एक काळा. काळ्यावरची छपाई जाड लागते. गडद कापडावर रंग उठून दिसायचे तर आधी खाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो आणि त्यावर बाकीचे रंग. पांढऱ्या कापडाला त्याची गरज नसते. राखाडी मेलांज रंगात आणखी एक गंमत असते: तो ठिपकेदार पोत आणायला पुष्कळदा कापसात पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस मिसळलेलं असतं. वर मोठ्या अक्षरात '१०० टक्के कॉटन' आणि तळाशी बारीक अक्षरात 'मेलांज रंग वगळून', हे वाचायचं राहून जातं.

शिवाजी महाराजांचं चित्र असलेल्या टी-शर्टबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. बाकीचे टी-शर्ट जुने झाले की त्यांचं फरशी पुसायचं फडकं होतं, गाडी पुसायला जातं. या टी-शर्टचं तसं करायला हात धजत नाही, आणि चेहऱ्यावर तडे गेलेला तो अंगात घालायलाही नको वाटतं. तिथे पन्नास-शंभर रुपये वाचवण्यापेक्षा मुरणारी किंवा नीट भाजलेली छपाईच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

"पॉलिस्टर वाईटच ना?"

असं सरसकट म्हणता येत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार किंवा प्रॅक्टिस क्लबच्या खेळाडूच्या अंगावर जी जर्सी असते तशी कॉटनची करून बघा. उत्तरार्धात ती ओल्या टॉवेलसारखी अंगाला लोंबेल. साधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे पॉलिस्टर घाम पीत नाही, पसरवतं आणि लवकर वाळतं. पळणाऱ्याला ते हवंच असतं.

शिवाय त्यावर सब्लिमेशन छपाई होते. साधारण २०० अंशांच्या उष्णतेत रंगाची वाफ होऊन ती थेट पॉलिस्टरच्या तंतूत शिरते. वर थर नाही, तडा नाही, सोलणं नाही. आरामाच्या दृष्टीने छपाईचा हा सर्वांत निर्मळ प्रकार. अट इतकीच की कापड पॉलिस्टरचं आणि फिक्या रंगाचं हवं. शुद्ध कॉटनवर सब्लिमेशन धरत नाही, त्यामुळे 'कॉटन टी-शर्ट, सब्लिमेशन प्रिंट' असं कुठे दिसलं तर दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी आहे.

तीच जर्सी दिवसभर ऑफिसात बसून घातली तर मात्र संध्याकाळपर्यंत वास येतो. शंका आली तर आतल्या शिवणीच्या कडेला उरलेल्या कापडाचा एक धागा (शिलाईचा दोरा नव्हे, तो पुष्कळदा पॉलिस्टरचाच असतो) ओढून, चिमट्यात धरून पेटवा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर आकसून वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो.

"चार स्टार आहेत की!"

स्टार कधी दिले जातात ते बघा. पार्सल आलं, घालून बघितलं, आरशात फोटो काढला, पाच स्टार. टी-शर्टची परीक्षा धुण्यात होते आणि निकाल त्याआधीच लागलेला असतो. त्यातून एकाच पानावर वीस डिझाइनांचे, सहा रंगांचे अभिप्राय एकत्र दिसतात. काळ्याची स्तुती वाचून आपण मेलांज मागवतो. अभिप्रायांत 'वॉश' किंवा 'धुतल्यावर' हा शब्द शोधा. तीन स्टारवाल्यांचं जरूर वाचा. एक स्टार पुष्कळदा कुरिअरवरच्या रागाचा असतो, तीन स्टारवाला टी-शर्टबद्दल बोलतो.

"महाग घेतलं की प्रश्न मिटला"

कधी मिटतो, कधी नाही. किंमतीत कलाकाराचा हिस्सा, कार्टूनच्या किंवा सिनेमाच्या हक्कांचे पैसे, जाहिरात आणि परत येणाऱ्या मालाचा खर्च हे सगळं असतं. ८९९ चा टी-शर्ट ४९९ वाल्याच्याच कोऱ्या मालावर छापलेला असू शकतो. सूत, जीएसएम आणि छपाईचा प्रकार हे तिन्ही लिहिणारा विक्रेता निदान पकडीत सापडतो. नुसत्या किमतीवरून यातलं काहीच कळत नाही.

माप, गळा आणि परतीची मुदत

एल, एक्सएल या अक्षरांना अर्थ नाही. प्रत्येकाचा एल वेगळा. घरातला चांगला बसणारा टी-शर्ट पलंगावर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत टेप लावा, तो आकडा तक्त्याशी जुळवा. तक्ता शरीराचा आहे की कपड्याचा, हे आधी वाचा. कापड आधीच आकसवून घेतलेलं म्हणजे प्री-श्रंक नसेल तर धुतल्यावर पाच टक्के सहज जातात. २८ इंच उंचीला ते जवळपास दीड इंच होतात. वाकलं की पाठ उघडी पडते ती त्यामुळे.

गळ्याची पट्टी लायक्रा मिसळलेल्या रिबची, म्हणजे उभ्या रेघांच्या ताणणाऱ्या विणीची हवी, ताणून सोडली की जागेवर यायला हवी. मागे मानेपाशी आतून शिवणीवर पट्टी लावलेली असेल तर टोचत नाही.

धुतलेला टी-शर्ट परत घेत नाहीत. त्यामुळे आल्या दिवशीच वजन, गळा, शिवण बघा आणि छपाई हलकेच ताणून बघा. तडा दिसला किंवा कडेला नख अडकलं, तर परत पाठवा. वर्णनाचा स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. टी-शर्ट ठेवायचं ठरलं तर पुढे उलटा करून, थंड पाण्यात धुवा, ब्रश लावू नका, उलटाच वाळत घाला.

मंडळासाठी पन्नास घ्यायचे असतील तर

मग ऑनलाइन सोडा, गावातला छपाईवाला गाठा. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन बनते, तो खर्च एका नगावर पडला तर जड होतो, पन्नासांवर वाटला तर किरकोळ. दोन रंगांचं डिझाइन असेल तर स्क्रीनच स्वस्त आणि टिकाऊ पडते. आधी एक नमुना छापून घ्या, दोन-तीनदा धुवा, आणि मगच बाकीची ऑर्डर द्या. चांगला छपाईवाला याला नाही म्हणत नाही.

रंगावरून मंडळात वाद होणारच. पांढरा घेतला तर छपाई पातळ, अंगाला थंड आणि खर्चही कमी, पण मिरवणुकीतला गुलाल त्याच्यावरून पुन्हा निघत नाही. काळ्यावर गुलाल झटकला जातो, मात्र त्या पांढऱ्या थरामुळे स्क्रीन एक वाढते आणि दुपारच्या उन्हात ढोल वाजवणाऱ्यांना तो जरा जास्तच तापतो.